नोंद नाही

"मॅडम, आकडे हालून नाई राहिले जी," दमडूजी म्हणाले.

मी डबा उघडून बसले होते. दुपारचा एक वाजला असेल. पूरनियंत्रण खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि बाहेर दोन दिवसांपासून पाऊस लागून होता. मी पोळीचा घास हातात धरूनच पडद्याकडे पाहिलं. पाच ओळी होत्या, नदीवरच्या पाच केंद्रांच्या. प्रत्येकीपुढे पाण्याची पातळी होती आणि खाली वेळ, दहा वाजून पन्नास मिनिटं.

"पाणी स्थिर असेल," मी म्हणाले.

"स्थिर?" त्यांनी खिडकीकडे हात केला. "आन् ती चार नंबरची पेटी पाहा. अर्ध्या घंट्यापासून नुसती पिप पिप करून राहिली. तिथला नन्नावरे घंट्याले एकदा आकडा पाठवते. आज दहा-दहा मिनिटाले पाठवून राहिला. काऊन?"

मी घास डब्यात ठेवला.

ही गोष्ट ऑगस्ट १९९६ ची आहे. मी सुनेत्रा डांगरे, तेव्हा चोवीस वर्षांची. नागपूरच्या एका लहानशा कंपनीनं मला कंत्राटावर गोंडखेडा धरणावर पाठवलं होतं. दुधाळी नदीवर धरणाच्या वरच्या अंगाला पाच ठिकाणी पातळी मोजायची केंद्रं होती. नदीत रोवलेली आकड्यांची पट्टी आणि काठावर एक खोली, एवढंच केंद्र. तिथला माणूस पट्टी बघून आकडा सांगायचा, आणि त्यावरून धरणाची दारं किती उघडायची ते ठरायचं. सव्वीस वर्षं हे आकडे दमडूजी भोयर वायरलेसवर घेत आले होते. "मोहझरी, मोहझरी, बोला," म्हणत एकेका केंद्राला हाक मारायची आणि रजिस्टरात लिहायचं. मी आले ती हे काम कॉम्प्युटरकडे द्यायला. आता केंद्रावरच्या माणसानं हातातल्या यंत्रावर आकडा दाबायचा, आमच्या खोलीतल्या पाच पेट्यांपैकी त्याची पेटी पिप वाजवणार आणि आकडा थेट माझ्या प्रोग्रॅममध्ये जाणार. जूनपासून तसंच चाललं होतं. दमडूजींचा वायरलेस सेट कोपऱ्यात बंद करून ठेवला होता. त्यांना पडद्यावर लक्ष ठेवायचं काम दिलं होतं.

माझा प्रोग्रॅम युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालत होता. युनिक्समध्ये एक चालू प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देऊ शकतो. पहिल्याला पेरेंट म्हणतात, दुसऱ्याला चाइल्ड. जन्मानंतर दोघांची स्मृती वेगळी होते. एकाला काय कळलं ते दुसऱ्याला आपोआप कळत नाही, म्हणून दोघांमध्ये निरोपासाठी एक वाट ठेवावी लागते. तिला पाइप म्हणतात. माझ्या पेरेंटला पाच चाइल्ड होते, एकेका केंद्राच्या पेटीला कान लावून बसलेले. आकडा आला की चाइल्डनं तो आपल्या पाइपमध्ये टाकायचा. पेरेंटनं पाचही पाइपमधून ओळीनं आकडे उचलायचे, हिशेब करायचा आणि पडद्यावर दाखवायचा.

ओळीनं म्हणजे आधी एक, मग दोन, मग तीन. पाइप रिकामा असला तर आकडा येईपर्यंत तिथंच थांबायचं.

जूनमध्ये हे सगळं दमडूजींना समजावून सांगत होते, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आन् एखादा बोललाच नाई तर?"

"बोलेपर्यंत थांबेल."

"म्या तर पुढच्याले विचारत होतो जी."

ठरावीक वेळेनंतर पुढं जायची सोय करायची आहे, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. ती सोय मी केली नव्हती. पुढच्या आठवड्यात करू म्हणत ऑगस्ट उजाडला होता.

त्या दुपारी पडद्यासमोर बसल्यावर मला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एक नंबरची पेटी अकरापासून गप्प होती. तिथला वायरलेसचा खांब वाऱ्यानं आडवा झाला होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पेरेंट एक नंबरच्या पाइपवर थांबून राहिला होता. बाकीच्या चार चाइल्डनी दोन तासांत आणलेले सगळे आकडे आपापल्या पाइपमध्ये येऊन पडले होते आणि त्यांना उचलणारं कुणी नव्हतं.

"दमडूजी, साहेबांना बोलवा. आणि एकची पेटी का गप्प आहे, वर गच्चीवर अँटेना बघून या."

ते गेले. कार्यकारी अभियंता हस्तक साहेब दारातूनच ओरडले, "काय झालं?"

"प्रोग्रॅम अडकलाय, सर."

"मग बंद करून चालू करा! मी नागपूरला फोन लावतो." आणि ते बाहेरच्या खोलीत फोनकडे धावले.

प्रोग्रॅम मारला, म्हणजे बंद केला, की पाइप जातो, आणि पाइपमध्ये पडलेलंही जातं. हे मला पक्कं ठाऊक होतं. ते आकडे बाहेर काढायची वाट त्या घडीला मला सुचली नाही. मी पेरेंटला मारलं.

पडदा काळा झाला. पेरेंट मेला तरी चाइल्ड लगेच मरत नाहीत, ते आपल्या पेटीला कान लावून बसूनच राहतात. ते पाचही बंद करायला मी कमांड टाइप करत होते, तेवढ्यात चार नंबरची पेटी वाजली आणि पडद्यावर एक ओळ उमटली.

केंद्र ४ : ९.४० : पोचवता आला नाही : १३.१२

चाचणीच्या दिवसांत मीच ते लिहिलं होतं. आकडा द्यायला पेरेंटच उरला नसेल, तर चाइल्डनं तो निदान पडद्यावर टाकावा म्हणून. मी ती ओळ वाचली. एक वाजून बारा मिनिटांनी नऊ मीटर चाळीस. दोन तासांपूर्वी चारला पाच मीटर दहा होतं. दोन तासांत चार मीटर पाणी चढत नाही, काहीतरी कचरा आलाय, असं मला वाटलं. मी कमांड पुरी केली, पाचही चाइल्ड मारले आणि पडदा पुसून प्रोग्रॅममधून एक नंबर वगळायला बसले.

दमडूजी भिजून खाली आले. त्यांनी मला विचारलं नाही की साहेबांना. कोपऱ्यातल्या सेटवरचं कापड ओढून काढलं, तो चालू केला आणि हाक मारली, "दोन नंबर, दोन नंबर, बोला."

खरखरीतून आवाज आला, "दोन नंबर. आठ सत्तर. आमी कवापासून पाठवून राहिलो, तिकडं कोनी हाय का नाई?"

तीन नंबरला नऊ दहा होतं, पाचला आठ पंचावन्न. दमडूजी प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होते, आणि ते ऐकताना मला कळलं की चारचा नऊ चाळीस हा कचरा नव्हता.

"चार नंबर, बोला," ते म्हणाले. "चार नंबर. चार नंबर, नन्नावरे, बोला. सुखदेव, बोल रे बाप्पा."

ते बराच वेळ हाक मारत होते.

पावणेदोनला दारं उघडली, सगळी एकदम. बारा वाजता थोडीथोडी उघडली असती तर पाणी नदीच्या पात्रातच राहिलं असतं, हे पुढं चौकशीच्या अहवालातही आलं. धरणाखालच्या वस्तीत तीन माणसं गेली. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि त्यांच्याकडे पाहुणी आलेली बाई. सुखदेव नन्नावरे तिसऱ्या दिवशी सापडला, त्याच्या गावाकडच्या नाल्यात, बाभळीला अडकून.

सुखदेवला मी एकदाच भेटले होते, यंत्र बसवायला गेले तेव्हा. पस्तिशीचा, किडकिडीत माणूस, फार न बोलणारा. यंत्र दोन्ही हातांत धरून त्यानं आकडा दाबून पाहिला आणि पिप ऐकून हसला. पट्टी दाखवताना म्हणाला होता, "नऊच्या वर गेलं का माही खोली पाण्यात, मॅडम. पण नऊ कोनी पायलं नाई अजून."

चौकशी महिन्याभरानं बसली, धरणाच्या विश्रामगृहात. तीन जणांची समिती होती. आदल्या दिवशी हस्तक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. तीन महिन्यांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं.

"हे बघ सुनेत्रा, खांब पडला ही नैसर्गिक आपत्ती. त्यात तुझा दोष नाही, माझा नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. मनानं काही जोडायचं नाही."

"सर, चार नंबरचे आकडे येत होते."

"नोंद आहे?"

"नाही."

"मग नोंद नाही, एवढंच म्हण. त्यात खोटं काय आहे?"

शेवटच्या ओळीबद्दल मी त्यांनाही सांगितलं नाही. ती फक्त मी पाहिली होती. तिच्याबद्दल बोलायचं तर ती मीच पुसली हे सांगावं लागलं असतं, आणि त्याआधी दोन तास पेरेंट नुसता का थांबून होता हेही. खालच्या वस्तीतल्या तीन माणसांच्या मरणाचा दोष माझ्यावर आला असता. मी फार विचार केला असं नाही. मी घाबरले होते.

दमडूजींची साक्ष माझ्याआधी झाली. खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते उभे राहिले आणि म्हणाले, "चार नंबरची पेटी शेवटपर्यंत वाजत होती, साहेब. माह्या कानानं ऐकली."

"पेटी वाजली म्हणजे आकडा आला, असं होतं का?" अध्यक्षांनी विचारलं. "विजांच्या कडकडाटातही वाजू शकते ना?"

"सव्वीस साल वायरलेस ऐकतो, साहेब. वीज कोनती आन् मानूस कोनता, समजते मले."

मागं कुणीतरी हसलं. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "तुमचं काम या कॉम्प्युटरनं घेतलं, नाही का? बसा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस डांगरे, अकरानंतर चार नंबरच्या केंद्राचा एकही आकडा कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला आहे का?"

"नोंद नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तो विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही.

बाहेर व्हरांड्यात दमडूजी बिडी न पेटवता हातात धरून उभे होते. मी जवळून जाताना हळूच म्हणाले, "तुमी सांगसान, असं वाटलं होतं मले." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

अहवाल आला. अतिवृष्टी, खांब कोसळणं, आणि चार क्रमांकाच्या केंद्रावरील कर्मचाऱ्यानं अकराच्या सुमारास केंद्र सोडून जाणं. तो गावाकडच्या नाल्यात सापडला, म्हणून गावाकडे निघाला होता असं धरलं गेलं. पाण्यानं त्याला तिकडे नेलं असेल, असं कुणी म्हटलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एके दिवशी दुपारी त्याची बायको नियंत्रण खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. शेवंता नाव. पायात चप्पल नव्हती आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले होते. बारा किलोमीटर चालत आली होती.

"मशीनवाल्या मॅडम तुमीच का?"

मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"लोक म्हणते, पोरीले ताप होता म्हनून हा काम सोडून घराकडं पळाला, आन् तीन मानसं खाल्ली. गावात कोनी आमच्या घरी पानी पीत नाई. भोयरजी म्हणते, पेटी वाजत होती. तुमची मशीन काय म्हणते?"

दमडूजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"बाई," मी म्हणाले, "मशीनमध्ये नोंद नाही."

"नोंद नाई म्हंजे? तो तिथं नव्हता?"

मी पडद्याकडे मान वळवली. तिनं माझ्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता तो.

"मंग येतच असन तो," ती स्वतःशीच म्हणाली. "पोरगी सकाळपासून बाबा बाबा करून राहिली होती. येतच असन घरी."

आणि ती निघून गेली.

डिसेंबरात माझं कंत्राट संपलं. जाण्याआधी ती ठरावीक वेळेनंतर पुढं जायची सोय मी प्रोग्रॅममध्ये केली. सात ओळींचं काम होतं. पुण्यात नोकरी मिळाली, लग्न झालं, मुलगा झाला. नवऱ्याला मी हे कधी सांगितलं नाही. पंधरा वर्षं गेली. मग एका मंगळवारी, काही विशेष कारण नसताना, जेवणाच्या सुट्टीत मी पाटबंधारे विभागाला पत्र लिहायला बसले. सगळं लिहिलं, तारीख, वेळ, ती ओळ. आठ महिन्यांनी उत्तर आलं. चार क्रमांकाच्या केंद्रावरील कर्मचारी हजर असल्याबाबतचे आपले निवेदन प्राप्त झाले; सदर प्रकरण निकाली निघाले असून नव्याने विचार करण्याचे प्रयोजन दिसून येत नाही.

ते पत्र पर्समध्ये घालून मी गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. शेवंताबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या," म्हणाल्या. आत नेलं, पाणी दिलं. मी ते प्यायले आणि सांगायला सुरुवात केली. पेरेंट आणि चाइल्ड सांगत बसले नाही. एवढंच सांगितलं की तुमचा माणूस आकडे पाठवत होता, ते माझ्यापर्यंत आले होते, माझ्या चुकीनं अडकले आणि माझ्याच हातानं पुसले गेले. एक वाजून बारा मिनिटांनी त्यानं शेवटचा आकडा पाठवला, तेव्हा पाणी त्याच्या खोलीत शिरलेलं होतं. आणि हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं. निदान जा म्हणतील. त्या नुसत्या समोरच्या सुपातली मोहाची फुलं निवडत राहिल्या.

"एक वाजता," त्या म्हणाल्या. "एक वाजता तिथंच होता?"

"हो."

"पानी खोलीत आलं, तरी?"

"हो."

"मंग निघालाच नाई तो."

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"गाव काई बोलो, मले फरक नाई पडला, मॅडम. मानूस आपल्याकडं येऊन राहिला होता, एवढं होतं माह्यापाशी. त्याच्यावरच दिवस काढले म्या. पोरीलेही तेच सांगतलं. तुहा बाबा तुह्याचसाठी येत होता म्हनून." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "वनिताले नका सांगू. तिले सांगू नका तुमी."

"नाही सांगत," मी म्हणाले. सांगताना मी पर्समधून काढलेलं विभागाचं पत्र आमच्या दोघींमध्ये चटईवर उघडंच पडलं होतं.

वनिता आली तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. आरोग्य उपकेंद्रातली नर्स होती ती, पांढऱ्या साडीतच होती. चोवीस वर्षांची. गाडी लावून आत आली, आईचं तोंड पाहिलं, माझं पाहिलं.

"कोण आहेत या, माय?"

वनितानं खाली वाकून पत्र उचललं. शेवंताबाईंनी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. छोटंसंच पत्र होतं. तिनं ते दोनदा वाचलं.

"चार नंबर म्हणजे बाबाचं केंद्र ना?" तिनं मला विचारलं. "बाबा तिथं होते?"

मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. नाही म्हणायचं तर आता मला नव्यानं खोटं बोलावं लागलं असतं.

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

"म्हणजे माझ्यासाठी नव्हते निघाले?"

"नाही."

ती उंबऱ्यावर बसली. खांद्यावरची पिशवी काढायचंही राहून गेलं.

"मला वाटायचं," ती हळूहळू म्हणाली, "मले ताप आला नसता तर बाबा तिथून हाललेच नसते. मंग ते तिघं मेलेच नसते. ती म्हातारी, आन् ते दोघं. नावं पाठ आहेत मला त्यांची."

शेवंताबाईंनी मान वळवली. आपल्या मुलीकडे त्या अशा बघत होत्या, जणू ही कोण, कुठून आली.

"पंधरा वर्सं?" त्या म्हणाल्या. "काऊन नाई सांगतलं तू मले कधी?"

"तुले तेच ऐकायचं होतं ना, माय," वनिता म्हणाली. "रोज सांगत होतीस. हसत सांगत होतीस. मी काय सांगू तुले?"

शेवंताबाई उठून उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि मुलीच्या शेजारी बसल्या, तिला हात न लावता. मी तिथंच चटईवर होते. मला जा म्हणायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.